एसी लावला की गाडी का तापते?

आजचं बोलणं गाडीबद्दल आहे. गाडी चालवणाऱ्या बहिणी आपल्यात अजून मोजक्या आहेत, पण गाडीत बसणाऱ्या, गाडीचं भाडं मोजणाऱ्या आणि गटाच्या नावावर गाडीचा हप्ता भरणाऱ्या पुष्कळ आहेत. म्हणून हे बोलणं आपलंच आहे असं समजा.

मार्च सरला की आपल्या भिवंडी तालुक्यात गाडीगाडीत एक वाक्य ऐकू येतं. "ताई, एसी बंद करतो, गाडी तापतेय." आपण बरं म्हणतो. काच खाली करतो, पदर तोंडाला लावतो आणि अंजूरफाट्याची धूळ खात बसतो. शेजारी नववा महिना लागलेली सून असो, नाहीतर ठाण्याला दवाखान्यात न्यायची म्हातारी सासू असो. एसी लावला की गाडी तापायचीच, असं आपण धरूनच चालतो.

तसं नसतं. धड असलेली गाडी मे महिन्यात, भर दुपारी, माणकोलीच्या जाममध्ये एसी लावून तासभर उभी राहिली तरी तिचा काटा मधे राहिला पाहिजे. बनवणाऱ्याने ती तशीच बनवलेली असते. एसी लावल्यावर तापते, याचा अर्थ गाडीत आधीपासून काहीतरी अशक्त झालेलं आहे. एखादी बाई घरात बसलेली असते तोवर बरी दिसते, डोक्यावर भरला हंडा घेतला की तिला चक्कर येते. आपण हंड्याला दोष देत नाही, तिचं रक्त तपासायला सांगतो. गाडीचंही रक्त तपासायचं असतं. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी इंजिन थंड कसं राहतं ते बघू. इंजिनात पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी जळतो. त्याची जी ऊब तयार होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला लागतो, तेवढाच सायलेन्सरवाटे धुरातून जातो आणि उरलेला इंजिनच्या अंगात शिरतो. ती ऊब काढायला इंजिनाच्या पोकळ्यांतून पाणी फिरतं. ते पाणी वॉटर पंप ढकलतो, ते पुढच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं, तिथे वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात येतं. पाणी म्हणतो आपण, पण त्यात कूलंट मिसळलेलं असतं.

आता कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की उकळायला १२० अंशांच्या आसपास जावं लागतं. रेडिएटरचं झाकण अगदी हेच काम करतं. ते स्प्रिंगने दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभराच्या पुढे गेलं तरी त्याची वाफ होत नाही. आपल्या कुकरचं रबर सैल झालं तर वाफ कडेने फुसफुसते, शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं किंवा चिरलं तर दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. झाकण बदलायला फारसे पैसे लागत नाहीत, पण गॅरेजमध्ये त्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघतात.

कुकरची दुसरी गोष्टही इथे लागू आहे. शिट्टी पडायच्या आत आपण कुकर उघडत नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकणही उघडायचं नाही. उघडलं की उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर आणि हातांवर येतं. ड्रायव्हर फडकं घेऊन झाकणाकडे गेला तर त्याला थांबवायचा हक्क आपल्याला आहे. भांडण झालं तरी चालेल.

आता एसी. घरच्या फ्रिजला मागून किंवा बाजूने हात लावून बघा, उबदार लागतो. आतली ऊब तो बाहेर टाकत असतो. गाडीचा एसी हाच उद्योग करतो. आपल्या बसायच्या जागेतली ऊब तो बाहेर टाकतो, ती गाडीच्या अगदी पुढच्या जाळीतून. तिला कंडेन्सर म्हणतात. बहुतेक गाड्यांत हा कंडेन्सर रेडिएटरच्या बरोबर पुढे, जवळजवळ चिकटून बसवलेला असतो. म्हणजे रेडिएटरला जो वारा मिळायचा तो आधी कंडेन्सरमधून तापून येतो. एका चुलीची धग दुसऱ्या चुलीच्या तोंडावर.

शिवाय एसीचा कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनालाच ताकद लागते. लहान गाडीत ती तीन-चार अश्वशक्ती धरा. आपल्याकडे यंत्रमाग सगळ्यांनीच पाहिलेत. साध्या मागाला एक अश्वशक्तीच्या आसपासची मोटर असते. म्हणजे एसीचं बटण दाबलं की इंजिनाच्या गळ्यात तीन-चार माग बांधल्यासारखं होतं. जाममध्ये इंजिन मंद फिरत असताना हे ओझं जास्तच जाणवतं.

हे सगळं बनवणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून त्याने सोय केलेली असते. गाडीला विजेचा पंखा असेल तर एसी लावल्याबरोबर तो पंखा फिरायला लागतो, इंजिन तापायची वाट बघत नाही. काही गाड्यांत एक पंखा असतो, काहींत दोन. कुठे एकच पंखा आधी हळू आणि मग जोरात फिरतो. जुन्या जीप आणि ट्रकमध्ये मुख्य पंखा इंजिनलाच जोडलेला असतो आणि एसीसाठी वेगळा छोटा विजेचा पंखा पुढे लावलेला असतो. एवढं समजलं की अर्धं निदान आपल्याला घरबसल्या करता येतं.

ते करायला एक प्रश्न विचारायचा. कधी तापते? उभी असताना की पळताना?

गाडी ताशी पन्नास-साठच्या वेगाने जात असते तेव्हा समोरून वारा आपोआप आत शिरतो, पंख्याची गरज नसते. उभी राहिली की वारा द्यायला फक्त पंखा. म्हणून रांजनोली नाक्यावर अडकली की काटा चढतो आणि पडघ्याच्या दिशेने रस्ता मोकळा झाला की पाच मिनिटांत खाली येतो, असं होत असेल तर संशय वाऱ्यावर घ्यायचा. पंखा फिरत नाही, हळू फिरतो किंवा वाऱ्याच्या वाटेत काहीतरी अडकलेलं आहे. याच्या जोडीला आणखी एक खूण मिळते. अशा गाडीचा एसीसुद्धा उभ्या गाडीत कोमट होतो आणि पळायला लागली की पुन्हा गार होतो, कारण कंडेन्सरलाही तोच पंखा वारा देत असतो. या दोन खुणा एकत्र दिसल्या तर पंख्याकडे बघायला सांगा. इंजिन उघडायची भाषा त्या दिवशी नको.

पंखा बघायची सोपी रीत आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये सुरू ठेवायची. ड्रायव्हर सीटवर असू द्या. एसी पूर्ण लावायचा आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग वर्तमानपत्राचं एक पान समोरच्या जाळीपाशी धरायचं. पंखा नीट असेल तर कागद जाळीकडे ओढला जातो, चिकटून राहतो. कागद खाली पडला तर वारा ओढला जात नाहीये. आणि कागद उलट आपल्याकडे उडाला तर पंखा उलटा फिरतोय. हसू नका, पंखा काढून पुन्हा बसवताना वायरी उलट जोडल्या गेल्या तर हे होतं, आणि पंखा फिरताना दिसतो म्हणून कोणाला शंका येत नाही. काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमुळे कागदाला ओढ कमी लागते. मग बॉनेट उघडून मिस्त्रीकडून बघून घ्या.

बॉनेट उघडलं की मात्र पदर खोचून, ओढणी काढून, वेणी मागे बांधूनच उभं राहायचं, आणि हात आत घालायचाच नाही. विजेचा पंखा गाडी बंद केल्यावरही आपोआप सुरू होऊ शकतो. तो सांगून सुरू होत नाही.

पंखा फिरत नसेल तर कारण बहुधा स्वस्तातलं निघतं. फ्यूज उडालेला असतो, रिले नावाची आगपेटीहून लहान डबी जळलेली असते, वायरीचं टोक सैल होऊन काळं पडलेलं असतं. कधी पंख्याची मोटरच गेलेली असते, ती जरा महाग. दोन वेगांचा पंखा असेल तर एक वेग जाऊन दुसरा शिल्लक राहतो, म्हणून पंखा फिरतो का एवढं विचारून भागत नाही. एसी लावल्यावर लगेच फिरतो का आणि दोन्ही वेगांनी फिरतो का, असं विचारायचं.

आता वाऱ्याच्या वाटेबद्दल. हे दुखणं खास आपल्या भागाचं आहे. भिवंडीत मागांच्या शेडजवळून गाडी रोज जात असेल तर कापसाचं तूस हवेत असतंच. अंबाडीकडून वाड्याच्या रस्त्याला वीटभट्ट्यांची राख आणि माती. गोदामांच्या रस्त्यांवर दिवसभर ट्रकांची धूळ. माजिवडा ते वडपे रुंदीकरणाच्या कामाने महामार्गावर किती धूळ खाल्ली ते वेगळं सांगायला नको. हे सगळं कंडेन्सरच्या पापुद्र्यांत जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बसतं. तिथे तूस आणि माती एकत्र होऊन गोधडीसारखा थर होतो. पुढून पाण्याचा पाइप मारला की जाळी चकचकीत दिसते, पण आतली गोधडी तशीच राहते. म्हणून सर्व्हिसिंगला टाकताना "दोन्ही जाळ्यांमधली फट साफ करा" असं स्पष्ट सांगायचं. त्यासाठी कधी कंडेन्सर जरासा पुढे सरकवावा लागतो, तर कधी इंजिनकडच्या बाजूने पाणी मारावं लागतं. फार जोराचा फवारा मारला तर पातळ पापुद्रे वाकतात आणि वाट आणखी बंद होते, हेही सांगून ठेवा.

वाट अडवण्यात आपलाही हात असतो. देवदर्शनाला वज्रेश्वरीला जाताना बंपरवर बांधलेला बॅनर, उंदीर शिरू नये म्हणून जाळीपुढे लावलेली बारीक जाळी, आणि लग्नाच्या गाडीवरची फुलं. वरातीची गाडी पुढून पूर्ण मढवायची, तिला माणसाच्या चालीने दोन तास चालवायची, नवरीसाठी एसी फुल्ल ठेवायचा. यात गाडी तापली तर बिचारीने काय करावं?

आता दुसरी बाजू. गाडी जाममध्ये ठीक असते, पण मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर काटा चढतो. नाशिकला जाताना कसाऱ्याच्या घाटात हे ठळक दिसतं. तिथे वारा भरपूर असतो, तरी तापते. म्हणजे दोष पाण्याच्या बाजूला. पाणी कमी झालेलं असेल, रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरल्या असतील, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, पंप फिरवणारा पट्टा सैल असेल किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल.

क्षार म्हणजे काय ते आपल्या हंड्यात दिसतं. बोअरचं पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा कडक थर येतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांत येतो. त्या नळ्या इतक्या अरुंद असतात की थोडा थरही त्यांना पुरतो. रस्त्यात अडचण आली आणि बोअरचं पाणी घातलं तर हरकत नाही, पण घरी आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरायला हवं. गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तेच कूलंट, दोन प्रकार एकत्र करू नयेत. कूलंट पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि आत गंज धरू देत नाही. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. उरलेला डबा लेकरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागेल असा ठेवू नका. सांडलं तर भरपूर पाण्याने धुऊन टाका.

थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेतली एक झडप. इंजिन गार असताना ती बंद असते, पाणी ८०-९० अंशांच्या आसपास गेलं की उघडते. अर्धवट उघडून अडकली तर चढावर पाणी पुरत नाही. काही गॅरेजमध्ये ती सरळ काढून टाकतात, "कशाला हवी, आपल्याकडे थंडी कुठे आहे" म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. झडप काढली की इंजिन पुरेसं तापत नाही, इंधन जास्त जातं, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला न जाता आडवाटेने फिरतं व उलट जास्त तापतं. खराब असेल तर नवी बसवावी.

कधीकधी एसी आपणहून गार हवा द्यायचा बंद होतो आणि लोक म्हणतात गॅस संपला. थांबा. त्या वेळी काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत इंजिन फार तापलं की गाडी स्वतःच कॉम्प्रेसर बंद करते, इंजिनावरचं ओझं उतरवायला. म्हणजे काटा वर आणि एसी कोमट असेल तर आधी इंजिनाचं तापणं शोधायला हवं. अशा वेळी एसीमध्ये आणखी गॅस भरून घेतला तर पैसे गेलेच, वर नवं दुखणं. गॅस प्रमाणाबाहेर भरला की कंडेन्सर जास्तच ऊब ओकतो आणि ती रेडिएटरवर येते. एसीचा गॅस भरल्यापासून गाडी तापायला लागली असेल तर हे मिस्त्रीला आवर्जून सांगा. गॅस काढून, मोजून पुन्हा भरता येतो.

अंबाडीच्या बाजूच्या एका गटाची गोष्ट सांगतो. नाव नको म्हणाल्या. त्यांनी कर्जावर जुनी सात जणांची व्हॅन घेतली. सकाळी काल्हेरच्या गोदामांत डबे पोचवायचे, दुपारनंतर भाडी करायची. एप्रिलमध्ये गाडी तापायला लागली. एका गॅरेजने हेडचं काम सांगितलं, आकडा ऐकून दोन महिन्यांचे हप्ते डोळ्यांपुढे आले. गटाची वही लिहिणारी ताई म्हणाली, "दहा दिवस थांबू. आधी लिहून काढू." त्यांनी ड्रायव्हरजवळ एक वही दिली. जागा, वेळ, गाडी उभी की चालू, एसी चालू की बंद, काटा कुठे. दहा दिवसांत काटा सात वेळा चढला होता. सातही वेळा गाडी उभी होती आणि एसी चालू होता. एसी बंद असताना जाममध्येही काटा एकदाच जरासा हलला होता. ती वही घेऊन त्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेल्या. त्याने पान वाचलं आणि सरळ पंख्याच्या रिलेला हात घातला. रिलेचं बूड काळं पडलं होतं, पंखा कधी फिरायचा, कधी नाही. रिले, थोडी वायर आणि जाळ्यांमधली साफसफाई एवढ्यात काम झालं.

पहिल्या गॅरेजने फसवलंच असं आम्ही म्हणणार नाही. "गाडी तापते" एवढंच सांगितलं तर मिस्त्री तरी काय करणार? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं नाही" म्हटल्यासारखं आहे ते. पण वहीतल्या त्या पाच रकान्यांनी त्याला दिशा मिळते, आणि आपल्यालाही प्रश्न विचारता येतो. बचत गटाला वही ठेवायला काही कोणी शिकवायला नको.

मात्र काही खुणा दिसल्या तर दहा दिवस काय, एक दिवसही थांबायचं नाही. एसी बंद असूनही गाडी तापते. कुठे गळती दिसत नाही तरी कूलंट दर दोन दिवसांनी कमी होतं. इंजिन सुरू असताना कूलंटच्या बाटलीत सारखे बुडबुडे येतात. गाडी पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. यात हेड गॅस्केटची शंका असते. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमचा असतो. फार तापला की वाकतो, मग त्याच्या आणि खालच्या भागाच्या मधलं गॅस्केट दाब धरत नाही. हे खरंच मोठं काम आहे आणि हजारोंत जातं. पण बहुतेक वेळा ते पहिलं कारण नसतं. पंखा बंद, पाणी कमी अशा छोट्या दोषाने गाडी पुन्हा पुन्हा तापवली की शेवटी हेड जातं. हेडचं काम करूनही पंखा तसाच ठेवला तर पुन्हा तेच होणार.

रस्त्यात काटा चढायला लागला तर काय करायचं तेही बघू. लाल रेषेपर्यंत वाट बघू नका. ज्या गाड्यांना काटा नसतो त्यांना लाल दिवा असतो, तो लुकलुकला तरी तेच समजा. आधी एसी बंद, ओझं उतरलं. मग काचा खाली करून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण हीटरमध्ये इंजिनाचंच गरम पाणी फिरतं, तो एक छोटा रेडिएटरच आहे. गाडीतली माणसं दहा मिनिटं भाजून निघतील, इंजिन वाचेल. गरोदर बाई, बाळ किंवा आजारी माणूस गाडीत असेल तर हा प्रयोग करू नका, गाडी बाजूला घेऊन त्यांना आधी सावलीत उतरवा.

तरी काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसली तर डाव्या कडेला थांबून इंजिन बंद. महामार्गावर सगळ्यांनी डावीकडच्या दारानेच उतरायचं आणि रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे उभं राहायचं. गाडीच्या आडोशाला मागे बसायचं नाही. लाल त्रिकोण मागे लांब ठेवायचा. मग किमान अर्धा-पाऊण तास काही करायचं नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जातो. पूर्ण निवल्यावर झाकण जाड फडक्याने, हळूहळू सैल करायचं आणि पाणी थोडं थोडं घालायचं. ज्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं त्यांत पाण्याचे पाइप लांब असतात, मधे हवा अडकते. बाटली भरलेली दिसते आणि इंजिन कोरडं. अशा गाडीची हवा गॅरेजमध्ये काढून घ्यावीच लागते.

ट्रकवर असलेल्या घरांसाठी एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांहून जड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी असणं सरकारने सक्तीचं केलं आहे. उन्हात दहा-बारा तास स्टिअरिंग धरणाऱ्या माणसासाठी ते हवंच होतं. नव्या गाडीत रेडिएटर आणि पंखा त्या हिशेबाने दिलेला असतो. पण आता जुन्या ट्रकलाही बाहेरून एसी बसवून घ्यावासा वाटणार. तिथे बसवणाऱ्याला विचारा, कंडेन्सर कुठे लावणार? रेडिएटरच्या पुढेच ठोकणार असेल तर त्याला स्वतःचा पंखा आहे का, आणि इंजिनाच्या पंख्याची तेलाची चकती तपासली का? ही चकती झिजली की पंखा फिरताना दिसतो, पण त्यात जोर नसतो. केबिनच्या छतावर स्वतःच्या पंख्यासह बसणारे कंडेन्सरही मिळतात, त्यांची ऊब रेडिएटरवर येत नाही.

जुनी गाडी असेल आणि घाट चढायचा असेल तर चढापुरता एसी बंद ठेवला तर त्यात काही कमीपणा नाही. पण सपाट रस्त्यावर, नाक्यावर उभ्या गाडीत "एसी लावला की तापतेच" हे उत्तर घेऊ नका.

गाडी दुरुस्त होऊन आली की पैसे देण्याआधी गॅरेजच्या दारातच परीक्षा घ्या. गाडी सुरू, एसी पूर्ण, वीस मिनिटं उभी. दुपारी घेतली तर उत्तम. समोर कागद धरा, काट्याकडे बघा, आतली हवा गार राहते का बघा. बदललेला जुना भाग मागून घ्या. कूलंटच्या बाटलीवरच्या खुणेपाशी पेनाने रेघ मारून ठेवा आणि दोन आठवडे दर सोमवारी सकाळी, इंजिन गार असताना, पातळी रेघेशी ताडून बघा.